एकाच छपराखालचा कारखाना : एचएमटीचा चढ आणि उतार

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही कंपनी महाराष्ट्रात बहुतेकांना मनगटी घड्याळामुळे ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून घडवलेल्या भाताच्या वाणाला ‘एचएमटी’ हे नाव पडले तेही घड्याळामुळेच. कंपनी मात्र घड्याळांसाठी नव्हे, तर लेथसाठी काढली गेली होती. इतर यंत्रे ज्या यंत्रांवर घडवली जातात ती यंत्रे, म्हणजे लेथ, मिलिंग, ड्रिलिंग आणि ग्राइंडिंग मशीन, देशात तयार व्हावीत हा तिचा मूळ हेतू होता आणि पहिली काही दशके तो तिने चांगल्यापैकी साधलाही. आज ‘देशी मशीन टूल उद्योगाचे काय झाले’ असा प्रश्न निघाला की पहिले नाव तिचेच येते, ते अर्थात खेदाने.

तिच्या पडझडीची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. पहिले असे की १९९१ नंतर आयात खुली झाली आणि परदेशी मालापुढे देशी माल टिकला नाही. दुसरे असे की कंपनी सरकारी होती, म्हणून बुडाली. दोन्हींत तथ्य आहे, परंतु एका साध्या पडताळ्याला दोन्ही पुरी पडत नाहीत. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी पूर्णपणे खासगी होती, १९४१ पासून लेथ बनवत होती आणि तिचे लेथ देशभरातील वर्कशॉपांत विश्वासाने घेतले जात. तरीही नव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. उलट, त्याच खुल्या बाजारात, त्याच आयात शुल्काखाली, बंगळूर आणि राजकोट येथील काही कंपन्या वाढल्या. एकाच हवामानात काही झाडे वाळली आणि काही फोफावली असतील, तर केवळ हवामानाकडे बोट दाखवून भागत नाही. माझ्या मते खरे कारण कारखान्याच्या घडणीत आहे. १९५३ मध्ये सर्व काही एकाच छपराखाली करणे एचएमटीला भाग होते. तीच रीत, यंत्राची घडण बदलल्यावर, तिच्या गळ्यातले लोढणे झाली.

युद्धाने दिलेला धडा

स्वातंत्र्यापूर्वी भारतात लेथ बनत नव्हते असे नाही. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत नांगर आणि चरकांबरोबर यंत्रेही बनत. साताऱ्याजवळ सातारा रोड येथील कूपर कारखाना प्रसिद्ध होता, आणि पंजाबात बटाल्याच्या लहान लहान कारखान्यांतून साधे लेथ आणि शेपर निघत. परंतु रेल्वेची वर्कशॉपे, दारूगोळ्याचे कारखाने आणि कापड गिरण्यांची दुरुस्ती खाती चालत ती मुख्यतः ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रांवर. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ही आवक आटली. सरकारने मशीन टूलच्या आयातीवर आणि वाटपावर नियंत्रण आणले, देशी कारखान्यांना परवाने देऊन उत्पादन वाढवून घेतले, आणि युद्ध संपताच आयात पुन्हा सुरू झाल्यावर त्यांतील बरेच कारखाने ओस पडले. इंडियन मशीन टूल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही उत्पादकांची संघटना १९४६ ची आहे, आणि ती नेमकी याच वेळी का निघाली हे यावरून सहज समजते.

युद्धकाळातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या. यंत्रे बनवणारी यंत्रे बाहेरून येत राहिली, तर बाकीचे औद्योगिकीकरण कधीही अडू शकते, ही एक. दुसरी अशी की टंचाईच्या काळात कसाबसा चालणारा माल आणि परीक्षेला उतरणारा माल यांतील अंतर केवळ मागणी वाढल्याने भरून निघत नाही. या दुसऱ्या गोष्टीमुळे सरकारने देशी कारखान्यांना मदत देण्याचा मार्ग न धरता परदेशातून पूर्ण तंत्र आणण्याचा मार्ग धरला. १९४९ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉन कंपनीशी करार झाला. याच सुमारास संरक्षण खात्याने अंबरनाथ येथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभारली, ती १९५३ ची. १९५६ च्या औद्योगिक धोरणात मशीन टूल हा विषय सरकारी आणि खासगी अशा दोन्ही क्षेत्रांना मोकळा असलेल्या यादीत होता, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण सरकारने खासगी उद्योगाची वाट अडवली होती असा समज पुष्कळदा आढळतो.

जलाहळ्ळी

एचएमटीची नोंदणी १९५३ मध्ये झाली, कारखाना बंगळूरजवळ जलाहळ्ळी येथे उभा राहिला आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. पहिले यंत्र होते एच-२२ लेथ, मूळ ऑर्लिकॉनचे. यंत्र उत्तम होते, पण त्या काळच्या सामान्य भारतीय वर्कशॉपाच्या गरजेपेक्षा आणि ऐपतीपेक्षा वरचे होते. जिथे पट्ट्यावर चालणारा जुना लेथ अजून काम देत होता, तिथे या वेगाचे आणि या किमतीचे यंत्र घेणारे मोजकेच. सुरुवातीची वर्षे म्हणूनच कठीण गेली. एम. के. मथुल्ला यांच्या व्यवस्थापनाखाली कंपनीने उत्पादन वाढवले, यंत्रांचे प्रकार वाढवले आणि स्विस तंत्रज्ञांवरचे अवलंबन कमी केले. १९६१ मध्ये बंगळूरचा दुसरा कारखाना कंपनीने स्वतःच्या मिळकतीतून उभारला. त्यानंतर १९६५ पर्यंत पिंजोर (आताचे हरियाणा), कळमशेरी (केरळ) आणि हैदराबाद येथील कारखाने सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने वर्षभरात काय कमावले याची चौकशी आज ज्या साशंकतेने होते, त्या साशंकतेने त्या दशकातील एचएमटीकडे पाहण्याचे कारण नव्हते. ती कंपनी नफ्यातून वाढत होती.

या वाढीमागे परदेशी करारांची एक मालिका होती. मिलिंग मशीन जर्मनीच्या फ्रिट्झ वेर्नरकडून, रेडियल ड्रिल हेर्मान कोल्बकडून, आणि इतर यंत्रे इतरांकडून. प्रत्येक करारातून नकाशांचा एक संच येई, त्याबरोबर काही कामगार आणि अभियंते प्रशिक्षणासाठी जात, आणि काही वर्षांत ते यंत्र जवळपास पूर्णपणे भारतात बनू लागे. आयातीचे भाग टप्प्याटप्प्याने कमी करत नेण्याचे हे काम एचएमटीने ज्या शिस्तीने केले, त्याला तोड नाही. पुढे एस. एम. पाटील यांच्या कारकिर्दीत कंपनी देशाबाहेरही कारखाने उभारून देऊ लागली. नायजेरियातील ओशोग्बो येथील मशीन टूल कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण.

बेड, सॅडल आणि स्क्रेपर

चांगला लेथ बनवणे म्हणजे नेमके काय, हे थोडे जवळून पाहिल्याशिवाय पुढचा बदल ध्यानात येणार नाही. लेथचा पाया म्हणजे बेड, बिडाचा एक लांब आणि जड ओतीव भाग. ओतल्यानंतर त्यात आतून ताण राहतात. ते न काढता त्याचे मशिनिंग केले, तर बेड आज सरळ आणि सहा महिन्यांनी किंचित वाकडा. म्हणून तो भट्टीत तापवून सावकाश थंड करतात किंवा पुष्कळ दिवस उघड्यावर मुरू देतात. त्यानंतर बेडच्या वाटा, ज्यांवरून सॅडल, म्हणजे हत्यार वाहून नेणारा भाग, सरकते, त्या ग्राइंडिंग करून सरळ केल्या जातात. सॅडलची खालची बाजू मात्र फिटर हाताने जुळवतो. एका पृष्ठावर निळ्या रंगाचा पातळ लेप द्यायचा, दुसरे त्यावर घासायचे, जिथे रंग लागला तो उंचवटा, आणि तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा घासणे. एका चौरस इंचात टेकणारे ठिपके पुरेसे आणि सारखे पसरलेले दिसेपर्यंत हे चालते. या कामात घाई करणारा फिटर दिवसभराचे काम एका फटक्यात घालवून बसतो.

जुळणी झाल्यावर तपासणी. स्पिंडलमध्ये, म्हणजे जॉब (घडवायचा नग) धरून फिरवणाऱ्या मुख्य आसात, एक नेमका घासलेला दांडा बसवतात आणि सॅडलवर लावलेला डायल गेज त्याच्या कडेने सरकवतात. जर्मन अभियंते गेऑर्ग श्लेझिंगर यांनी घालून दिलेल्या चाचणीच्या तक्त्यात येथे एक मार्मिक अट आहे. दांड्याचे मोकळे टोक शतांश मिलिमीटरच्या हिशोबात थोडे वर असलेले चालते, पण खाली असलेले चालत नाही. ते हत्याराच्या दिशेने किंचित झुकलेले चालते, उलट दिशेने नाही. कारण उघड आहे. जॉबच्या वजनाने तो खाली येणार आणि हत्याराच्या दाबाने मागे सरणार, म्हणून चूक असलीच तर ती झिजेच्या आणि भाराच्या विरुद्ध बाजूला असावी. यंत्राचे उद्याचे वागणे आज हिशोबात धरणारी ही विद्या पुस्तकातून अर्धीच येते. उरलेली अर्धी शिकाऊ कामगाराला जुन्या हातांशेजारी काही वर्षे उभे करूनच येते. जलाहळ्ळीच्या प्रशिक्षण केंद्राने अशी माणसे मोठ्या संख्येने तयार केली आणि पुढे ती देशभर पसरली. एनएच-२२ हा लेथ, एफएन मालिकेतील मिलिंग आणि आरएम मालिकेतील रेडियल ड्रिल ही नावे भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या टर्नरला आजही समजावून सांगावी लागत नाहीत, यामागे हीच मेहनत आहे.

हे सर्व करण्यासाठी एचएमटीच्या आवारात फाउंड्री होती, पॅटर्न शॉप होते, गिअर कापण्याचे खाते, हीट ट्रीटमेंट, टूलरूम, रंगकाम, सगळे काही होते. बाहेर वसाहत, शाळा आणि दवाखानाही. १९५५ मध्ये बंगळूरच्या आसपास इतक्या प्रतीचे बीड किंवा गिअर बनवून देणारा पुरवठादार नव्हताच, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. यंत्राच्या किमतीत सर्वांत मोठा वाटाही याच कामांचा होता, म्हणजे ओतकाम, गिअर, जुळणी आणि हात.

मंदी आणि पसारा

१९६६ हे वर्ष वळणाचे ठरले. लागोपाठ दुष्काळ, जूनमधील रुपयाचे अवमूल्यन आणि पंचवार्षिक योजनेला मिळालेली सुट्टी यांमुळे सरकारी गुंतवणूक आखडली आणि मशीन टूलची मागणी कोसळली. हा धंदा मुळातच तेजीमंदीचा आहे, आणि त्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. समजा, एका कारखान्यात दहा लेथ आहेत आणि दरवर्षी एक जुना लेथ बदलावा लागतो. मालाची मागणी एका वर्षी दहा टक्क्यांनी वाढली, तर त्याला आणखी एक लेथ लागेल, म्हणजे ऑर्डर दोनची. पुढच्या वर्षी मागणी घटली नाही, फक्त वाढायची थांबली, तरी ऑर्डर पुन्हा एकची. ग्राहकाचा धंदा स्थिर, आणि लेथ बनवणाऱ्याचा मात्र निम्मा. मागणी खरोखर घटली, तर जुना लेथ बदलण्याचेही पुढे ढकलले जाते आणि ऑर्डर शून्यावर येते. जर्मनी किंवा जपानमधील उत्पादक अशा वेळी निर्यातीवर तगतो किंवा पुरवठादारांकडून घेणे कमी करतो. पाच पूर्ण कारखाने असलेल्या एचएमटीला दोन्ही सोपे नव्हते.

तिने पसारा वाढवला. घड्याळे १९६१ पासून होतीच, जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने. आता पिंजोर येथे झेक तंत्रावर झेटॉर ट्रॅक्टर आले, १९७१ मध्ये. पाठोपाठ छपाईची यंत्रे, विजेचे दिवे, बेअरिंग आणि औरंगाबाद येथे दुग्धप्रक्रियेची यंत्रसामग्री. त्या क्षणी हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. रिकामे हात आणि रिकामी यंत्रे यांना काम मिळाले आणि कंपनी तगली. पण त्याची किंमत होती. श्रीनगर, तुमकूर आणि आताच्या उत्तराखंडातील राणीबाग येथे घड्याळांचे कारखाने गेले ते बाजाराच्या गरजेइतकेच प्रादेशिक मागण्यांमुळे. व्यवस्थापनाचे लक्ष आणि गुंतवणुकीचा पैसा अनेक वाटांनी विभागला गेला. लोकांच्या मनात एचएमटी म्हणजे घड्याळ हे समीकरण पक्के झाले, आणि मशीन टूल हा कंपनीचा मूळ धंदा तिच्याच ताळेबंदात एक विभाग होऊन बसला.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत आयातीवर बंधने होती. परदेशी यंत्र आणायचे, तर तसे यंत्र देशात बनत नाही असे तांत्रिक विकास महासंचालनालयाकडून म्हणवून घ्यावे लागे. एचएमटी ते यंत्र बनवत असेल, तर ग्राहकाने रांगेत उभे राहायचे. रांग हा उत्पादकाला फार गोड वाटणारा प्रकार आहे, आणि फार घातकही, कारण आपले यंत्र ग्राहकाला खरोखर हवे आहे की त्याला दुसरा मार्ग नाही, हे कळण्याची सोयच त्यात उरत नाही. पुण्यात टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) साठच्या दशकात मोटारीचा कारखाना उभारताना सुरुवातीलाच स्वतःचा मशीन टूल विभाग काढला होता. मोठा ग्राहक स्वतःची यंत्रे स्वतः बनवण्याचा खटाटोप करतो, यातून त्या काळच्या बाजाराबद्दल पुष्कळ काही समजते.

किंमत सरकली कुठे

या बंदिस्त काळातच जगात लेथ आतून बदलत होता. साध्या लेथमध्ये वेग बदलण्यासाठी हेडस्टॉकमध्ये गिअरांची उतरंड असते, आटे पाडण्यासाठी फीड गिअरबॉक्स आणि लीडस्क्रू असतो, आणि सगळे चालवणारा, मापे घेणारा, हत्यार बदलणारा कुशल टर्नर असतो. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, लेथमध्ये हे बहुतेक भाग नाहीसे होतात. स्पिंडलला वेग बदलू शकणारी मोटर, प्रत्येक अक्षाला एक सर्व्हो मोटर आणि बॉलस्क्रू, हत्यारांसाठी फिरता टरेट, आणि या सर्वांना हुकूम देणारा नियंत्रक. बेड तिरका केला जातो, म्हणजे गरम बुरादा आपोआप खाली पडतो आणि यंत्र तापून माप बिघडत नाही. दुचाकीच्या गिअरचा एखादा ब्लँक साध्या लेथवर लावला, तर टर्नर तो एकदा बाहेरून घेतो, थांबून मायक्रोमीटर लावतो, हत्यार बदलतो, आतून घेतो, पुन्हा मापतो. आणि संध्याकाळी दमल्यावर काढलेला नग सकाळच्या नगासारखा असेलच असे नाही. सीएनसीवर तोच जॉब एक-दोन मिनिटांत उतरतो, आणि शंभरावा नग पहिल्यासारखा असतो.

उत्पादकाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ वेगळाच होता. यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा ओतकाम, गिअर आणि हातकाम यांतून निघून विकत घेण्याच्या भागांत गेला. नियंत्रक फॅनक किंवा सीमेन्सचा, बॉलस्क्रू आणि लिनिअर गाइड जपानी किंवा तैवानी, स्पिंडलची बेअरिंगे जर्मन किंवा जपानी. ओतीव भाग आता बेळगाव, कोल्हापूर किंवा कोइंबतूरच्या फाउंड्रीतून मिळू लागले होते. ज्याच्याकडे यंत्राचा चांगला आराखडा आहे, जुळणी नीट करणारे थोडे लोक आहेत आणि विक्रीनंतर बिघाड दुरुस्त करायला माणूस पाठवण्याची तयारी आहे, त्याला फाउंड्री आणि गिअर शॉप बांधायची गरज उरली नाही. १९७९ मध्ये बंगळूरला एस डिझायनर्स सुरू झाली, १९८९ मध्ये राजकोटला ज्योती सीएनसी. ही दोन्ही नावे आज देशातील मोठ्या उत्पादकांत आहेत, आणि ज्योतीने तर २००७ मध्ये ह्युरॉन ही फ्रेंच कंपनीही विकत घेतली.

एचएमटीला या बदलाची कल्पना नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंगळूरच्या सेंट्रल मशीन टूल इन्स्टिट्यूटची, जी १९६२ मध्ये झेक साहाय्याने सुरू झाली, आणि एचएमटीची माणसे सत्तरच्या दशकातच संख्यात्मक नियंत्रणाच्या यंत्रांवर काम करत होती. पुढे एचएमटीने सीएनसी टर्निंग सेंटर काढली, मशिनिंग सेंटर (मिलिंग आणि ड्रिलिंग एकत्र करणारी सीएनसी यंत्रे) काढली, इतकेच काय, हिन्युमेरिक या नावाने स्वतःच्या छापाचे नियंत्रकही आणले. हैदराबादच्या कारखान्यात एकेका ग्राहकाच्या एकेका जॉबसाठी खास यंत्रे बनत आणि त्यांतील अभियांत्रिकी वरच्या दर्जाची होती. अडचण ज्ञानाची नव्हतीच. अडचण ही होती की नवे यंत्र जुन्या घरात बनत होते. सीएनसी लेथच्या किमतीत फाउंड्रीचा, गिअर खात्याचा, वसाहतीचा आणि दवाखान्याचा वाटा चढवला जाई, जरी त्या यंत्रात गिअर जवळजवळ नसत. नवा उत्पादक पुरवठादाराला घासाघीस करून भाव पाडायला लावे; एचएमटीचा पुरवठादार तिचेच दुसरे खाते होते, आणि त्याच्याशी घासाघीस कसली करणार?

दुसरी अडचण आराखड्यांची होती. परदेशी कराराने आलेला नकाशा ही एका पिढीची शिदोरी होती. ती पिढी संपली की पुढचा करार. स्वतःहून नवी पिढी आखणे, ती ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन तपासणे आणि वर्षभरात सुधारून पुन्हा बाजारात आणणे हा जो वेग जपानी आणि नंतर तैवानी कंपन्यांनी पकडला, तो एचएमटीला जमला नाही. १९८३ मध्ये मारुतीची मोटार बाजारात आली आणि तिच्या पुरवठादारांना एकेका नगाचा सायकल टाइम सेकंदांत मोजावा लागू लागला. ‘एचएमटीचे यंत्र वीस वर्षे चालते’ हा एकेकाळचा सर्वोच्च गुण या ग्राहकाच्या लेखी दुय्यम होता. त्याला पाच वर्षांत पैसे वसूल करून देणारे यंत्र हवे होते. म्हैसूर किर्लोस्करचीही गत बरीचशी अशीच झाली. लेथ चांगला, पण ज्या जातीचा लेथ त्यांना उत्तम येत होता, ती जातच मागणीतून उतरत होती. याच्या उलट भारत फ्रिट्झ वेर्नर, १९६१ ची, बंगळूरचीच आणि सुरुवातीला साध्या मिलिंग मशीनवर जगणारी, मशिनिंग सेंटरकडे वळली आणि टिकली. म्हणजे मार्ग बंद नव्हता.

खुला बाजार आणि त्यानंतर

१९९१ ने हे सर्व उघडे पाडले. भांडवली यंत्रसामग्रीवरील शुल्क झपाट्याने खाली आले; १९९५ पर्यंत बहुतेक यंत्रांवर ते २५ टक्क्यांवर होते. निर्यातीची हमी देणाऱ्याला त्याहूनही सवलत मिळे. त्यात भर पडली वापरलेल्या यंत्रांची. जपान आणि युरोपातील कारखान्यांनी काढून टाकलेली चालू स्थितीतील यंत्रे भारतात येऊ लागली, आणि पिंपरी-चिंचवडच्या लहान उद्योजकाला नव्या देशी यंत्राच्या भावात किंवा त्याहून कमीत नामांकित परदेशी यंत्र मिळू लागले. त्या उद्योजकाला दोष देता येणार नाही; त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता होता.

यानंतरची घसरण एका ठरावीक क्रमाने गेली. तोटा झाला की खेळते भांडवल आटते. भांडवल आटले की नियंत्रक आणि बॉलस्क्रू रोखीने घ्यायला पैसे नसतात, आणि यंत्र तीन चतुर्थांश जुळवलेल्या अवस्थेत खात्यात उभे राहते. यंत्र वेळेवर गेले नाही की ग्राहक विलंबाचा दंड कापतो, आणि पुढच्या वेळी येत नाही. खर्च कमी करण्यासाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणल्या की ज्याला बाहेर काम मिळण्याची खात्री आहे तोच आधी अर्ज करतो, म्हणजे चांगला फिटर आणि चांगला डिझाइनर. २००० च्या सुमारास कंपनीची विभागणी होऊन एचएमटी मशीन टूल्स, एचएमटी वॉचेस आणि इतर उपकंपन्या वेगळ्या झाल्या. २००७ मध्ये मशीन टूल कंपनीसाठी पुनरुज्जीवनाचे पॅकेज मंजूर झाले. माझ्या मते या टप्प्यावर पैसा देऊन जे विकत घेता आले असते ते जुनी देणी फेडणे एवढेच. ग्राहकाचा विश्वास आणि आराखड्यांची नवी पिढी त्यातून येणे कठीण होते, आणि ती आली नाही. २०१६ मध्ये घड्याळे, बेअरिंग आणि ट्रॅक्टर बंद करण्याचे निर्णय झाले. पिंजोरच्या जमिनीचा एक भाग हरियाणा सरकारकडे जाऊन तेथे सफरचंदांची बाजारपेठ उभी राहिली. बंगळूरच्या जमिनीवरून तर कर्नाटकच्या वन खात्याशी वाद निघाला. एकेकाळी कंपनीची मालमत्ता म्हणून यंत्रे आणि माणसे मोजली जात, आता चर्चा जमिनीची होते.

एचएमटी मशीन टूल्स बंद झालेली नाही. रेल्वे आणि संरक्षण क्षेत्र हे तिचे जुने गिऱ्हाईक असून रेल्वेच्या चाकांसाठी आणि आसांसाठी लागणारी जड यंत्रे ती बनवत आली आहे. २०२४ मध्ये अवजड उद्योग मंत्री झालेले एच. डी. कुमारस्वामी यांनी कंपनी पुन्हा उभी करण्याची इच्छा बोलून दाखवली. या इच्छेचे मूल्यमापन करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. साधा सीएनसी लेथ किंवा उभे मशिनिंग सेंटर देशात बनवणारे आता पुष्कळ आहेत आणि ते स्पर्धेत टिकलेले आहेत. तेथे सरकारी कंपनीची उणीव कुणाला भासत नाही. उणीव आहे ती मोठी बोरिंग मशीन, गिअर ग्राइंडिंग, उच्च अचूकतेचे ग्राइंडिंग आणि पाच अक्षांची जड यंत्रे यांत, म्हणजे जेथे विक्री थोडी, आराखड्याचा खर्च प्रचंड आणि परदेशी सरकारे निर्यात परवाना नाकारू शकतात अशा जागी. देशातील मागणीचा मोठा भाग अजून आयातीतून भागतो आणि त्यात या यंत्रांचा भरणा आहे. खासगी उत्पादक या वाटेला सहजासहजी जाणार नाही, कारण गणित बसत नाही.

२०१४ मध्ये केंद्राने भांडवली वस्तू क्षेत्रासाठी एक योजना सुरू केली. तिच्यातून आयआयटी मद्रास येथे प्रगत उत्पादन तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले आणि तुमकूर येथे मशीन टूल पार्क उभारले गेले. तपासणी, हीट ट्रीटमेंट, टूलरूम यांसारख्या एकेकट्या लहान उत्पादकाला न परवडणाऱ्या सोयी सामायिक असाव्यात, अशी अशा पार्कमागची कल्पना असते. जलाहळ्ळीत जे एका कंपनीच्या भिंतींआड होते, ते भिंती काढून अनेकांना वापरू देण्याचाच हा प्रयत्न म्हणायचा. नियंत्रक आणि सर्व्हो मोटर मात्र त्या पार्कमध्ये बनणाऱ्या यंत्रावरही बहुतेक करून फॅनक, सीमेन्स किंवा मित्सुबिशीचेच असतील.